न जुळलेल्याची वही

भानुदास,

परवा तुझी शोकसभा झाली. आपल्या आयुर्वेद कॉलेजच्या वरच्या हॉलमध्ये, ज्याला आपण कबुतरखाना म्हणायचो तिथंच. तुझ्या फोटोला हार एवढा मोठा आणला होता की तुझी हनुवटी त्यात बुडाली. वयानं मोठा म्हणून मला अध्यक्ष केलं होतं. चार-पाच जण बोलून झाल्यावर संहिता विभागातला नवा प्राध्यापक उठला. तो तुझ्या हाताखाली एक दिवसही शिकलेला नाही, तरी तो मनापासून बोलत होता, ते नाटक नव्हतं. तो म्हणाला, "भानुदास सरांची एक शिकवण मी रोज ओपीडीत वापरतो. ओटीपोटाच्या तक्रारीला औषध जेवणानंतर, गळ्याच्या तक्रारीला जेवणाआधी. मूळ ग्रंथातलं हे सूत्र सरांनी किती पिढ्यांना दिलं!"

उलटं. अगदी बरोब्बर उलटं. तो ते बोलत होता तेव्हा माझा अंगठा खुर्चीच्या हातावर आपोआप बोटांची पेरं मोजत होता, आणि जिथं चूक होते त्या पेरावर येऊन थांबला. हॉलमध्ये दुसऱ्या कुणालाही काही खटकलं नाही. हे उलटं सूत्र तू कधीच शिकवलं नाहीस. ते मी छापलं. आता ते तुझ्या नावावर जमा झालं, तुझ्याच फोटोखाली, आणि मी अध्यक्षाच्या खुर्चीत मूग गिळून बसलो. शेवटी सगळे दोन मिनिटं गप्प उभे राहिले. तेवढं काम मला सवयीचं होतं.

तुझ्यावर स्मृतिलेख लिहून द्या, असं कॉलेजच्या अंकासाठी मला सांगितलंय. तुझं जन्मगाव, पदव्या, सेवेची वर्षं हे सगळं ऑफिसातला कारकून लिहील. माझ्याकडं तुझ्याशी बोलायचं राहिलेलं आहे, तेवढंच लिहितो.

आपण दोघं एकाच वर्षी या कॉलेजात आलो तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजायचो. पैठणला काकांनी लहानपणापासून मला समोर बसवून संस्कृत पाठ करून घेतलेलं. तू लासूर स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीवरचा, बारावीपर्यंत सुट्टीत मेंढरांमागं फिरलेला. होस्टेलात आपल्याला एकच खोली मिळाली. पहिल्याच आठवड्यात मी तुझ्या उच्चारांना हसलो. तू पेटीतून भाकरी काढता काढता म्हणालास, "शास्त्री, तू उंटावरून शेळ्या हाकतो. म्या खरंच हाकल्यात." त्या दिवसापासून मी तुझा शास्त्री झालो, ते परवापरवापर्यंत.

आपलं भांडण त्याच खोलीत सुरू झालं आणि चाळीस-बेचाळीस वर्षं पुरलं. मी म्हणायचो, आधी पाठ, मग अर्थ. ग्रंथ जिभेवर असेल तर रोगी समोर आल्यावर आपोआप आठवतो. तू म्हणायचास, आधी रोगी बघ, मग पोथी उघड, आणि प्रत्येक वेळी उघड. "पाठ हाय म्हणून पोथी उघडायची नाय, ही कुठली रीत? रस्ता पाठ हाय म्हणून डोळे मिटून चालतो का तू?" मी म्हणायचो, हो, पैठणात चालतो. मग तू हसायचास आणि चहाला चल म्हणायचास. आपल्या भांडणात कुणी जिंकलं असं कधी झालं नाही, निदान त्या काळात तरी.

तुझ्या वह्यांची गोष्ट तुझ्या अण्णांपासून सुरू होते, हे आपल्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक होतं? अण्णा पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उर्दू शाळेत दोन-तीन इयत्ता शिकलेले. त्यांना उर्दू लिहिता यायचं, मराठी नाही. मेंढरांच्या दुखण्यांची त्यांची एक वही होती, उजवीकडून डावीकडं लिहिलेली. दिवाळीच्या सुट्टीत मी तुझ्या वस्तीवर आलो होतो तेव्हा त्यांना विचारलं, "अण्णा, यात औषधं लिहून ठेवलीत का?"

"औषिदं कशाला लिव्हायची?" अण्णा म्हणाले. "जे लागू पडलं ते ध्यानात ऱ्हातंच. जे नाय पडलं ते लिव्हून ठेवावं. माणूस तेच इसरतो."

मला ती म्हाताऱ्याची गंमत वाटली. तू मात्र त्या एका वाक्यावर सगळी नोकरी काढलीस. आपण दोघं संहिता विभागात शिकवायला लागलो, मी वर्गात मूळ ग्रंथ म्हणून घ्यायचो, मुलं माझ्यामागून म्हणायची आणि परीक्षा झाली की विसरायची. पालथ्या घड्यावर पाणी. तू दर शनिवारी सकाळी पहिल्या वर्षाची मुलं ओपीडीत न्यायला लागलास. एक रोगी स्टुलावर, एक मुलगा हातात मूळ ग्रंथ धरून उभा, बाकीचे भोवती. आधी त्या दुखण्यावरचा भाग मोठ्यानं वाचायचा, मग रोग्याला विचारायचं, मग वहीत लिहायचं. वहीला तीन रकाने: ग्रंथात काय, समोर काय, का जुळलं नाही. जुळलेलं लिहायचंच नाही. तपासून झालं की प्रत्येक नोंदीखाली तू बारीक अक्षरात लिहायचास, "पाहिलं. भा."

मी त्या वहीवर किती चिडलो होतो! ग्रंथ चुकत नाही, वाचणारा चुकतो, मुलांना पहिल्याच वर्षी ऋषींच्या चुका काढायला शिकवतोस का, असं मी तुला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोललो. तू म्हणालास, "एक शनिवार ये. मग भांड."

मी आलो. स्टुलावर एक आजी होती, खोकल्याची. ग्रंथाप्रमाणं तिचा खोकला जेवल्यावर वाढायला हवा होता. आजी म्हणत होती, उपाशी राहिलं की वाढतो. मुलं गोंधळली. मी म्हणालो, "नीट विचारा पुन्हा. रोगी सांगताना गडबड करतो."

तू आजीकडं वळून म्हणालास, "आजी, हे सर म्हणतेत तुमचंच काही तरी चुकतंय. पुस्तकात तसं नाय."

आजीनं पदर सावरला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मग त्या पुस्तकालाच औषिद द्या की बाबा. खोकला त्याला झालाय का मला?"

मुलं हसून हसून लोळायची बाकी राहिली. तू हसला नाहीस. तू वही पुढं केलीस आणि एका मुलीला म्हणालास, "लिही. का जुळलं नाय त्याची दोन कारणं तरी काढ. आजी खोटी नाय आन ग्रंथही खोटा नाय, असं धरून काढ." त्या मुलीनं तीन कारणं लिहिली. त्यातलं एक असं होतं की मी घरी जाऊन तो सगळा अध्याय पुन्हा वाचला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो समजला. हे मी तुला कधी सांगितलं नाही. त्या एका शनिवारसाठी तुझे आभार मानायचे राहिले. आता मानतो.

ती मुलगी सुनंदा होती, बिडकीनची.

आता गाइडचं लिहितो, ते सुनंदा कॉलेजात येण्याच्या काही वर्षं आधीचं. मुलं नापास होतात म्हणून संहितेवर प्रश्नोत्तरांचं एक छोटं गाइड लिहा, असं औरंगपुऱ्यातल्या एका प्रकाशकानं मला सांगितलं. मी हुरळलो. त्याच्या दुकानामागच्या खोलीत मी पोथी न उघडता सगळं सांगत गेलो आणि त्याचा लेखनिक उतरवत गेला. हातात पोथी नसताना सांगतो याचाच मला माज होता. पाठ करणाऱ्याला एक धोका कायम असतो: दोन ओळी सारख्या सुरू झाल्या की जीभ एकीवरून दुसरीवर घसरते. म्हणून काका आम्हाला पेरं मोजायला लावायचे, ओळीला एक पेर. त्या दिवशी माझ्या हातात चहाचा कप होता. औषधाच्या वेळांच्या जागी माझी जीभ घसरली, ओटीपोटाचं गळ्याला आणि गळ्याचं ओटीपोटाला लागलं, आणि ते तसंच छापून आलं.

तुला ते पहिल्याच दिवशी दिसलं. केबिनमध्ये येऊन तू दार लोटलंस, म्हणजे माझी लाज राखलीस. "शास्त्री, पान बावीस. पोथी उघडली असती तर झालं नसतं."

"छपाईची चूक असेल."

"छपाईची का जिभेची, ते तुला म्हाईत. सुधार तेवढं."

"पुढच्या आवृत्तीत," मी म्हणालो.

पुढची आवृत्ती आली, तिच्या पुढचीही आली. प्रत्येक वेळी मी प्रकाशकाला सांगायचं ठरवलं आणि प्रत्येक वेळी वाटलं, आता सुधारलं तर लोक विचारतील, इतकी वर्षं काय करत होतात? झाकली मूठ सव्वा लाखाची. तोवर मराठवाडाभरची मुलं गाइडवरून उत्तरं लिहीत होती आणि परीक्षकही गाइडवरूनच तपासत होते. जो चूक लिहील त्याला पूर्ण गुण, असा प्रकार सुरू झाला. पोथी उघडणाऱ्याचेच काय ते हाल.

पोथी उघडणारी एकच होती. तोंडी परीक्षेला मी घरचा परीक्षक होतो आणि बाहेरचे एक परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले. त्यांच्यासमोर टेबलावर माझं गाइड होतं, पानापानांत चिठ्ठ्या घातलेलं. त्यांनी सुनंदाला नेमकं तेच विचारलं, औषधाच्या वेळा. ती न अडखळता म्हणाली, "ओटीपोटाच्या तक्रारीला जेवणाआधी. गळ्याच्या तक्रारीला संध्याकाळच्या जेवणानंतर."

"उलटं सांगतेस."

"नाही सर. ग्रंथात असंच आहे. आम्ही शनिवारी वाचलंय."

त्यांनी चिठ्ठीचं पान उघडलं आणि हसून माझ्याकडं फिरवलं. "हे बघा. आता तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच सांगा मुलीला."

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत जरासुद्धा भीती नव्हती, भानुदास. तिला वाटलं आता सर सांगतील आणि प्रश्न मिटेल. तिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. मी समोरच्या कागदांची टाचणी सरळ केली आणि म्हणालो, "घाबरली असेल ती."

त्यानंतर तिनं एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. ते परीक्षक भले होते, दोनदा सोपं विचारलं, पण ती बोलेना, आणि ती तोंडीत नापास झाली.

निकाल लागला त्या दिवशी तू तिला व्हरांड्यात सगळ्यांदेखत बोललास. "वर्षभर माझ्याकडं वाचलं आन तिथं जाऊन तोंड शिवून बसलीस? आता लोक म्हणतेल, भानुदास सर पोरींना पाठ करू देत नाय, म्हणून नापास होतेत. माझी वही बुडवलीस तू." ती मान खाली घालून म्हणाली, "चुकलं सर." मी केबिनच्या दारात हजेरीपट हातात धरून उभा होतो. चार पावलांवर. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही आणि मला हायसं वाटलं. हेही लिहून टाकतो, कारण ते खरं आहे.

वही खरंच बुडाली. होस्टेलात म्हणच पडली होती, शनिवारी वाचलं की नापास होतं. वीस मुलं यायची ती आठ झाली, मग तीन. शेवटच्या शनिवारी एकच मुलगा आला आणि तोही लवकर जाऊ का म्हणून विचारत होता. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकातून तो तास निघाला. विभागप्रमुख म्हणून त्यावर सही माझी आहे. तू म्हणालास, "जाऊ दे शास्त्री, तू जिंकलास." मी जिंकलो नव्हतो. माझा पाठही कुणी करत नव्हतं. मुलांना तुझं वाचन नको होतं आणि माझं म्हणणंही नको होतं. त्यांना पान बावीस हवं होतं. आता तर ते गाइडही कुणी विकत घेत नाही. त्यातली उत्तरं दुसऱ्या पुस्तकांत गेली, तिथून मोबाइलमध्ये गेली. स्टँडवरच्या पाट्यांवर शहराचं नाव बदललं, पान बावीस बदललं नाही. आज मी कुठल्या प्रकाशकाला सुधारा म्हणून सांगू?

तुझी मूत्रपिंडं थकली तेव्हापासून मी दर बुधवारी तुझ्या घरी यायचो, आठवतं ना? प्रत्येक बुधवारी रिक्षात बसताना ठरवायचो, आज सांगायचं. तू उशीला टेकून विचारायचास, "शास्त्री, पुढची आवृत्ती कधी?" आणि स्वतःच हसायचास. शेवटच्या बुधवारी तू ते विचारलं नाहीस. खिडकीकडं बघत म्हणालास, "ती बिडकीनची पोरगी रे. म्या तिला लई बोललो त्या दिवशी. बोलायला नको होतं. तिच्यावानी वाचणारी परत आली नाय. काहून गप बसली आसंन ती?"

तू मला दारच उघडून दिलं होतंस. एक वाक्य बोलायचं होतं. मी तुला चमच्यानं पाणी पाजलं, तुझी हनुवटी पुसली आणि म्हणालो, "घाबरली असेल."

"व्हय," तू म्हणालास. "तसंच आसंन."

शुक्रवारी तू गेलास.

परवा शोकसभा संपल्यावर मी खाली उतरलो तेव्हा सुनंदा स्कूटरपाशी उभी होती. ती मागच्या रांगेत बसली होती, ते मला वरूनच दिसलं होतं. केस पांढरे झालेत तिचे. बिडकीनला दवाखाना आहे, चांगला चालतो असं ऐकून होतो. मी म्हणालो, "सुनंदा, त्या तोंडी परीक्षेचं..."

"ते सोडा सर," ती म्हणाली. मग स्वतःच सोडेना. "तुम्ही 'घाबरली असेल' म्हणालात तवा मला वाटलं, मीच चुकले. घरी जाऊन ग्रंथ उघडला. बरोबरच होतं की. मग मिटून ठेवला. दुसऱ्या खेपेला गाइडातलं उलटं सांगितलं, पास झाले. त्यानंतर काय परत उघडला नाय."

"भानुदासला का नाही सांगितलंस? त्यानं तुला किती बोलून घेतलं."

"सांगितलं असतं तर त्यांचा मैतर गेला असता. त्यांना तुमच्याबिगर दुसरं होतं कोण?" तिनं हेल्मेट घातलं. "आज त्या पोरानं सरांचं नाव घेऊन उलटं सांगितलं, तवा मी तुमच्याकडंच बघत होते. वाटलं, आज तरी तुम्ही उठताल."

पाचला दवाखाना उघडायचा असतो म्हणून ती निघून गेली.

वहिनींनी तुझ्या वह्या माझ्याकडं दिल्यात. म्हणाल्या, "भावजी, तुम्हालाच कळतील त्या." एका पिशवीत नऊ वह्या. काल दिवसभर वाचल्या. सुनंदाचं अक्षर सहाव्या वहीत आहे, गोल आणि ठसठशीत, आणि ते एका पानावर थांबतं. नवव्या वहीत शेवटच्या शनिवारच्या नोंदीनंतर पानं कोरी आहेत. पहिल्या कोऱ्या पानावर मी पट्टी घेऊन तीन रकाने आखले.

ग्रंथात काय, तिथं औषधाच्या वेळा लिहिल्या, पोथी उघडून, शब्द न् शब्द ताडून. समोर काय, तिथं लिहिलं: गाइडात उलटं छापलं, चूक माझी, सुनंदा बरोबर होती, भानुदासनं हे उलटं कधीच शिकवलं नाही. तिसऱ्या रकान्यात, का जुळलं नाही याखाली, मी आधी पाच ओळी लिहिल्या. प्रकाशक, परीक्षक, मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून, असं बरंच. मग त्या खोडल्या आणि एकच शब्द लिहिला: घाबरलो.

कॉलेजच्या अंकासाठी मी दुसरा लेख दिला आहे. त्यात तुझं जन्मगाव आहे, पदव्या आहेत, विद्यार्थिप्रियता आहे. पान बावीस नाही. हे पानही मी कुणाला दाखवणार नाही, आणि ते तुला माझ्याआधी कळलं असतं. वही पिशवीत घालून कपाटात ठेवली आहे. नोंदीखाली "पाहिलं. भा." एवढं मावेल इतकी जागा सोडली आहे.